घर विकताना विहीर आणि सेप्टिक: मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्यांदाच घर विकणाऱ्यांसाठी

आमच्या मागच्या अंगणात, शेवंतीच्या वाफ्यापासून चार पावलांवर, गवताखाली दीड फूट खोल सिमेंटचं एक झाकण होतं. त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो, त्या जागेवर मुलं क्रिकेट खेळली, पण झाकण मी पहिल्यांदा पाहिलं ते घर विकायला काढल्यावर. भारतातून येऊन इथे पहिलं घर घेणाऱ्या बहुतेकांची हीच गत असते. घेताना घाई असते, कोणीतरी म्हणतं ‘सेप्टिक पास आहे’, आपण सही करतो आणि विसरून जातो. विकायची वेळ आली की मात्र जमिनीखालची ही दोन कामं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि सांडपाण्याची टाकी, सगळ्या व्यवहाराच्या मध्ये येऊन बसतात.

बॉस्टनच्या पश्चिमेला आपली मंडळी मोठ्या संख्येने राहतात, आणि तिथे हा प्रश्न घरोघरी आहे. बॉक्सबरो, कार्लाइलसारख्या गावांत विहीरही स्वतःची आणि सेप्टिकही स्वतःचं. ॲक्टन, वेस्टफर्डकडे पाणी बहुतांशी गावाचं, पण सांडपाणी बहुतेक घरांच्या अंगणातच मुरतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दोन्ही तपासण्या घर बाजारात ठेवण्याच्या आधी, स्वतःच्या खर्चाने करून घ्या. ऑफर आल्यावर करू म्हणालात, तर निकाल तुमच्या हातात आणि गिऱ्हाइकाच्या हातात एकाच दिवशी पडतो, आणि मग विचार करायला सवड उरत नाही.

कायदा काय मागतो

मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकसाठी राज्याचा नियम आहे. त्याला सगळे ‘टायटल ५’ म्हणतात, आणि सध्याचा ढाचा १९९५ पासूनचा आहे. घराची मालकी बदलण्याआधीच्या दोन वर्षांत सेप्टिकची अधिकृत तपासणी झालेली असली पाहिजे. तपासणीनंतर दरवर्षी टाकी उपसल्याच्या पावत्या तुमच्याकडे असतील, तर तोच अहवाल तीन वर्षांपर्यंत चालतो. थंडीमुळे तपासणी शक्यच नसेल तर हवा सुधारल्यावर, पण विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत ती करावी लागते. नवरा-बायकोत, आई-वडील आणि मुलांत किंवा सख्ख्या भावंडांत घर नावावर होत असेल तर ही तपासणी लागत नाही. नुसतं कर्ज रिफायनान्स करताना तर नाहीच.

विहिरीचं चित्र वेगळं आहे. खासगी विहिरीचं पाणी विक्रीच्या वेळी तपासलंच पाहिजे असा राज्यभर एक नियम इथे नाही. प्रत्येक गावाचं बोर्ड ऑफ हेल्थ आपापले नियम करतं, काही गावं विक्रीच्या वेळी पाण्याचा अहवाल मागतात, काही मागत नाहीत. गाव मागत नसलं तरी गिऱ्हाइकाची बँक मागू शकते, आणि शहाणं गिऱ्हाईक मागतंच. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तिकडे उलटं आहे: सप्टेंबर २००२ पासून खासगी विहिरीचं पाणी विक्रीआधी प्रमाणित लॅबमध्ये तपासणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि अहवाल वाचल्याची लेखी कबुली विकणारा व घेणारा दोघांनाही द्यावी लागते. पुढचं सगळं मात्र मॅसॅच्युसेट्सचं.

पहिली फेरी टाउन हॉलची

इन्स्पेक्टरला फोन करण्याआधी गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थमध्ये जा आणि आपल्या पत्त्याची फाइल मागा. ती सार्वजनिक असते. अनेक गावांनी स्कॅन करून वेबसाइटवरही टाकली आहे. त्यात तीन कागद शोधायचे: सेप्टिक बसवल्यावर काढलेला नकाशा, ज्याला ‘ॲज-बिल्ट’ म्हणतात, आधीच्या तपासणीचा अहवाल, आणि टाकी उपसल्याच्या नोंदी. नकाशात घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंतची अंतरं फुटांत लिहिलेली असतात. मोजपट्टी घेऊन ती जागा स्वतः शोधून ठेवलीत, तर तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरला अंगणभर खणत बसावं लागत नाही.

त्याच नकाशावर एक आकडा नीट पाहा: सेप्टिक किती बेडरूमसाठी बनवलं आहे. टायटल ५ मध्ये एका बेडरूमला दिवसाला ११० गॅलन पाणी धरतात, म्हणजे तीन बेडरूमचं सेप्टिक ३३० गॅलनचं. घरात माणसं किती राहतात याचा या हिशोबाशी संबंध नाही. इथे आपल्या लोकांची अडचण होते. आई-बाबा सहा महिने येणार म्हणून आपण तळघरात एक छान खोली काढतो, खिडकी बसवतो, कपाट करतो. विकताना एजंट जाहिरातीत ‘चार बेडरूम’ लिहून मोकळा होतो. सेप्टिक तीनचं असेल तर ती चौथी खोली बेडरूम म्हणून विकता येत नाही, आणि हे गिऱ्हाइकाच्या वकिलाने शोधून काढलं तर विश्वासाला तडा जातो. आधीच ‘तीन बेडरूम आणि एक ऑफिस’ असं लिहा.

इन्स्पेक्टर कसा निवडायचा

घराची सर्वसाधारण तपासणी करणारा होम इन्स्पेक्टर वेगळा आणि टायटल ५ चा इन्स्पेक्टर वेगळा. दुसऱ्याला राज्याची मान्यता लागते. बऱ्याच मान्य इन्स्पेक्टरांचा सेप्टिक बसवायचा किंवा उपसायचाही धंदा असतो. त्यात बेकायदा काही नाही, पण मी तरी फक्त तपासणी करणारा माणूस निवडेन, म्हणजे नवीन सिस्टिम विकण्याशी त्याच्या निकालाचा संबंध राहत नाही. फोनवर विचारायचे प्रश्न थोडे आहेत: टाकी उपसण्याचा खर्च तुमच्या दरात धरला आहे का? झाकण खणून काढायचे वेगळे पैसे घेता का? अहवाल किती दिवसांत देता? हा अहवाल तुमच्याकडेच राहत नाही, हेही समजून घ्या. तपासणीनंतर ३० दिवसांत त्याची प्रत बोर्ड ऑफ हेल्थकडे जाते. निकाल वाईट आला म्हणून दुसरा इन्स्पेक्टर बोलावून पहिला अहवाल विसरता येत नाही.

तपासणीआधी टाकी उपसू नका

पाहुणे यायचे म्हणून घर झाडावं, तशी टाकी आधी रिकामी करून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. टाकीतल्या पाण्याची पातळी कुठे आहे हीच तर तपासणीतली मोठी खूण असते. टाकी नुकतीच उपसलेली असेल तर पाणी पुढे जातंय की तुंबतंय हे कळतच नाही. आधी पातळी बघायची, मग उपसायची, आणि रिकामी झाल्यावर भिंतींना तडे आहेत का ते बघायचं, असा क्रम आहे. घर रिकामं पडलेलं असेल तर तेही इन्स्पेक्टरला आधी सांगा, कारण महिनाभर पाणीच वापरलं नसेल तर जमीन कोरडी दिसणारच.

आणि बाटलीतली औषधं, बॅक्टेरियाची पावडर, ॲसिड, यातलं काहीही ओतून बिघडलेलं सेप्टिक पास होत नाही. जे करण्यासारखं आहे ते स्वयंपाकघरात आहे. तळणीचं तेल आणि तूप सिंकमध्ये जाऊ देऊ नका. थंड झाल्यावर डब्यात भरून कचऱ्यात टाका. सिंकखालचं कचरा दळणारं मशीन असेल तर भात, डाळ, भाज्यांची सालं त्यात घालणं थांबवा. हे सगळं टाकीत जाऊन गाळ वाढवतं आणि पुढे मातीची भोकं बुजवतं. गणपतीला दीड दिवसात साठ माणसं येऊन गेली की टाकीतून पाणी घाईने पुढे ढकललं जातं आणि बरोबर गाळही जातो. सण जरूर करा, फक्त त्याच दिवशी कपड्यांच्या चार मशीन लावू नका.

तपासणीच्या दिवशी

त्या दिवशी घरी थांबा आणि बघा, मात्र लहान मुलं आणि कुत्रा घरातच ठेवा. उघड्या टाकीवर वाकायचं नाही आणि आत उतरण्याचा तर विचारही नको. त्यातल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.

आमच्याकडे तो माणूस सकाळी आठला आला. लोखंडी सळईने जमीन टोचत टोचत गेला, एका ठिकाणी ‘टक्’ असा आवाज आला आणि तिथेच त्याने खणायला घेतलं. झाकण सरकवलं तेव्हा वर करड्या रंगाची जाड साय दिसली, दुधावर धरते तशी. तेल, तूप, साबण त्या सायीत असतात. मधे गढूळ पाणी, आणि तळाला गाळ. त्याने एक लांब पारदर्शक नळी तळापर्यंत घालून बाहेर काढली, तर त्यात तिन्ही थर एकावर एक दिसले. साय किती इंच, गाळ किती इंच, त्याने लिहून घेतलं. टाकीतून बाहेर जाणाऱ्या तोंडाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पाइप असतो. साय पुढे जाऊ नये म्हणून तो असतो, आणि तो तुटलेला असेल तर सगळी घाण पुढे जाते.

पुढे जाते ती कुठे? टाकीनंतर सिमेंटची एक छोटी पेटी असते, डी-बॉक्स. तिथून पाणी तीन-चार पाइपांमध्ये समान वाटलं जातं आणि खडी-वाळूच्या पट्ट्यांतून जमिनीत मुरतं. गावाकडे शोषखड्डा जे काम करतो ते इथे हे लीच फील्ड करतं. खरी परीक्षा या पेटीत आहे. पाणी बाहेर जाणाऱ्या भोकाच्या वर चढलेलं असेल, तर याचा अर्थ फील्डला पाणी गिळता येत नाही, आणि सिस्टिम नापास होते. आमच्या पेटीत पातळी बरोबर होती, पण सिमेंटची कड बोटाने खरवडली तर भुगा पडत होता. निकाल आला ‘सशर्त पास’: पेटी बदला, मग पास. गावाचा परवाना काढून पेटी बदलेपर्यंत तीन आठवडे गेले. घर अजून बाजारात नव्हतं म्हणून ते तीन आठवडे कोणाला जाणवलेही नाहीत.

निकाल चार प्रकारचे असतात: पास, सशर्त पास, अधिक तपासणी हवी, आणि नापास. पेटीतल्या पातळीखेरीज नापास होण्याची ठळक कारणं म्हणजे घरात सांडपाणी उलटं येणं, अंगणात ते वर येऊन साचणं, पाइप तुंबलेला नसतानाही वर्षात चारपेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागणं, आणि फील्डचा कुठलाही भाग भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीच्या खाली असणं. शेवटचं कारण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या घरांत, विशेषतः पाणथळ जागेजवळ, तेच आडवं येतं.

नापास झालं तर

घर विकता येत नाही असं मुळीच नाही. नियमाप्रमाणे दुरुस्तीला साधारणपणे दोन वर्षं मिळतात, आणि ती विकणाऱ्याने करायची की घेणाऱ्याने हे दोघांनी ठरवायचं. पण नवीन सिस्टिम म्हणजे मातीची परीक्षा, इंजिनिअरचा आराखडा, बोर्डाची मंजुरी आणि मग खणकाम. खर्च ३० हजार डॉलरच्या पुढे जाणं नेहमीचं आहे, आणि खडकाळ चढावर किंवा ओल्या जमिनीत तो बराच वर जातो. दुरुस्ती विक्रीनंतर होणार असेल तर अंदाजित खर्चाच्या दीडपट रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवा असा आग्रह बँका बऱ्याचदा धरतात. काही बँका अशा घरावर कर्जच देत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एजंटने सांगितलं, आधी ऑफर येऊ द्या, सेप्टिकचं मग बघू. ऑफर आली, करार झाला, आणि फेब्रुवारीत तपासणी नापास झाली. जमीन गोठलेली, मातीची परीक्षा वसंतापर्यंत होणार नाही, आणि यांनी तिकडे दुसऱ्या राज्यात घर घेऊन ठेवलेलं. घेणारे निघून गेले. पुढचं गिऱ्हाईक आलं ते किंमत पाडूनच. हेच ऑक्टोबरमध्ये कळलं असतं तर हातात तीन दरपत्रकं घेऊन शांतपणे बोलता आलं असतं. म्हणून वसंतात घर विकायचं असेल तर आधीच्या शरदात, जमीन गोठण्यापूर्वी तपासणी उरका.

दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून घेतलीत आणि ते तुमचं राहतं घर असेल, तर राज्याच्या आयकरात सवलत आहे. २०२३ च्या करसुधारणेनंतर ती वर्षाला ४ हजार, एकूण १८ हजार डॉलरपर्यंत झाली. विक्रीच्या वर्षात तुम्हाला त्यातलं किती मिळेल हे तुमच्या सीपीएला, म्हणजे कर सल्लागाराला, विचारूनच ठरवा.

आता विहीर

आजोळी विहिरीत डोकावलं की पाणी दिसायचं, कासव दिसायचं, पाणी खाली गेलं की पायऱ्या मोजून कळायचं. इथली विहीर म्हणजे जमिनीतून हात-दीड हात वर आलेला सहा इंची लोखंडी पाइप. आपण जिला बोअर म्हणतो, तीच. खडकात दोनशे, तीनशे, कधी पाचशे फूट खोल. आत बघता येत नाही, म्हणून कागदांवर आणि लॅबवर भिस्त ठेवावी लागते.

आधी पाइपाजवळ जाऊन उभे राहा. झाकण घट्ट आहे का, बोल्ट सगळे आहेत का, आत किडे-मुंग्या जातील अशी फट आहे का? पाइप पालापाचोळ्यात बुडालाय का, पावसाचं पाणी त्याच्या दिशेने वाहतं का? फाटकं झाकण हे पाण्यात जंतू सापडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ते बदलणं काही फार खर्चाचं नाही. मग मोजपट्टी पुन्हा काढा: विहिरीपासून सेप्टिक टाकी ५० फूट आणि लीच फील्ड १०० फूट लांब हवं. जुन्या घरांत हे अंतर कमी सापडतं, तेव्हा ते टायटल ५ च्या अहवालातही येतं.

विहीर खणणाऱ्याने राज्याला दिलेला अहवाल ऑनलाइन शोधता येतो. त्यात खोली, पाण्याची पातळी आणि मिनिटाला किती गॅलन पाणी येतं ते असतं. मिनिटाला दोन गॅलन वाचून घाबरू नका. सहा इंची पाइपाच्या प्रत्येक फुटात जवळजवळ दीड गॅलन पाणी मावतं, म्हणजे २०० फूट पाणी उभं असेल तर ३०० गॅलनचा साठा तुमच्या हाताशी आहे. रात्री तो भरतो, सकाळी वापरला जातो. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगता आलं पाहिजे.

तळघरातल्या प्रेशर टँकचा काटाही बघा. नळ सोडा आणि पाहा: काटा ६० वरून ४० पर्यंत सावकाश उतरून पंप सुरू झाला तर ठीक. दर काही सेकंदांनी पंप चालू-बंद होत असेल तर टँकमधली हवा गेलेली आहे. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर पंपावर ताण येतो आणि होम इन्स्पेक्टरही ते पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

पाण्याचा नमुना प्रमाणित लॅबलाच द्या. बाटली लॅबकडून आणायची, नळाची जाळी काढायची, काही मिनिटं पाणी सोडायचं, बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतून बोट लावायचं नाही, आणि जंतूंचा नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. फिल्टर किंवा सॉफ्टनर असेल तर एक नमुना त्याच्या आधीचा आणि एक नंतरचा घ्या. आधीचा नमुना विहिरीची खरी अवस्था सांगतो, नंतरचा फिल्टर काम करतोय का ते.

काय तपासायचं? कोलिफॉर्म आणि ई. कोलाय जंतू, नायट्रेट, शिसं, लोह, मँगनीज हे नेहमीचं. या भागात त्यात आर्सेनिक, युरेनियम आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू घालाच, कारण हे इथल्या खडकातूनच पाण्यात उतरतात. पाणी काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड असतं आणि तरीही त्यात आर्सेनिक असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. घर रस्त्याला लागून असेल तर सोडियमही बघा. हिवाळ्यात रस्त्यावर पडणारं मीठ हळूहळू विहिरीत येतं. आणि आजकाल पीफासबद्दल, म्हणजे सहजासहजी नष्ट न होणाऱ्या कारखानी रसायनांबद्दल, गिऱ्हाइकं स्वतःहून विचारतात. ती तपासणी महाग आहे आणि तिला वेळही लागतो, पण विमानतळ, अग्निशमन केंद्र किंवा जुनी कचरा-डेपोची जागा जवळ असेल तर मी ती टाळणार नाही.

कोलिफॉर्म सापडले तर झाकण बदला, विहिरीत क्लोरीन टाकून निर्जंतुक करून घ्या, आणि ते क्लोरीनचं पाणी बाहेर पाइप लावून जमिनीवर सोडा, सेप्टिकमध्ये नाही. टाकीतले उपयोगी जंतू त्याने मरतात. क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावर, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. दुसऱ्याच दिवशी तपासलेलं पाणी पास होणारच, त्याला काही अर्थ नाही. आर्सेनिक किंवा रेडॉन निघालं तर त्यावर खात्रीचे उपाय आहेत, आणि ते बसवून, नंतरचा स्वच्छ अहवाल जोडून घर दाखवलं तर कोणी मागे हटत नाही. लपवलेलं आर्सेनिक मात्र लहान मुलांच्या पोटात जातं. घेणाऱ्यांच्या घरातही आपल्यासारखीच मुलं असतात.

सगळे कागद एका फायलीत लावा: ॲज-बिल्ट नकाशा, टायटल ५ चा अहवाल, उपसण्याच्या पावत्या, दुरुस्तीचा परवाना, विहिरीचा अहवाल, पाण्याचे दोन्ही निकाल. ओपन हाउसच्या दिवशी ती ओट्यावर ठेवा. टाकीचं झाकण खोल असेल तर दुरुस्तीच्या वेळीच टाकीच्या तोंडावर रायझर, म्हणजे उंची वाढवणारं कडं, बसवून झाकण जमिनीच्या जवळ आणून घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला खणावं लागणार नाही. आम्ही तसं करून घेतलं. किल्ल्या देण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्या मालकांना अंगणात नेलं, आधी विहिरीचा पाइप दाखवला, मग शेवंतीपासून चार पावलं मोजली आणि टाकीचं नवं हिरवं झाकण दाखवलं. त्यांनी दोन्हीचे फोटो काढून घेतले.